एका छोट्या बाणामागे

कॅलिफोर्नियातल्या असिस्ट नावाच्या संकेतस्थळावर दोन रकान्यांचं एक साधं पान असतं. डावीकडे विद्यापीठाचा विषय, उजवीकडे कम्युनिटी कॉलेजचा आणि मधे एक छोटा बाण. उजवीकडचा विषय पूर्ण केलात, तर डावीकडचा पुन्हा करायला नको, एवढंच तो बाण सांगतो. कुठे कॉलेजचे दोन विषय मिळून विद्यापीठाचा एक होतो, तर कुठे समकक्ष विषयच नसल्याचा शेरा असतो. दिसायला रूक्ष असं हे पान मला थक्क करतं.

कारण प्रत्येक बाण कुणीतरी विचार करून काढलेला आहे. कॉलेजातला समकक्षतेचं काम पाहणारा अधिकारी विषयाचा अधिकृत आराखडा विद्यापीठाकडे पाठवतो: कोणते घटक, किती तास, कोणतं पुस्तक, आधी काय शिकलेलं हवं. विद्यापीठातले त्या विषयाचे प्राध्यापक तो बारकाईने वाचतात. ज्या वर्गात आपण कधी बसलो नाही, तिथलं शिकवणं आपल्या तोडीचं आहे, असं ते मान्य करतात. केवढा हा विश्वास!

उच्च शिक्षणाच्या 1960च्या मास्टर प्लॅनपासून कॅलिफोर्नियातली कम्युनिटी कॉलेजं जवळपास सर्वांना खुली आहेत. दोन वर्षं तिथे कमी खर्चात शिकायचं आणि तिसऱ्या वर्षी विद्यापीठात जायचं, हा रस्ता आखून दिलेला आहे. त्यावर बरोबर न्यायची शिदोरी म्हणजे क्रेडिट.

या क्रेडिटचं मूळ प्राध्यापकांच्या पेन्शनमध्ये आहे, हे कळल्यावर तर नवलच वाटतं. उद्योगपती अँड्र्यू कार्नेगीने 1905 मध्ये त्यासाठी एक कोटी डॉलर दिले. पण पेन्शन द्यायची तर ‘कॉलेज’ कशाला म्हणायचं, हे आधी ठरवायला हवं. म्हणून त्याच्या संस्थेने अट घातली: प्रवेश घेणाऱ्याने हायस्कूलमध्ये किमान 14 युनिट पूर्ण केलेली असावीत आणि एक युनिट म्हणजे साधारण 120 तास. शिक्षण तासांत मोजायची ही रीत पुढे कॉलेजांतही रुजली. आज एक क्रेडिट म्हणजे ढोबळमानाने आठवड्याला वर्गात एक तास आणि घरी दोन तास, असे सुमारे पंधरा आठवडे.

मापही सगळीकडे सारखं नाही. कूपरटिनोच्या डी अँझा कॉलेजात वर्षाचे क्वार्टर पाडतात, तर बर्कलीच्या विद्यापीठात सेमिस्टर. क्वार्टर सेमिस्टरपेक्षा लहान, म्हणून डी अँझातली कॅल्क्युलसची 5 युनिट (क्रेडिटलाच तिथे युनिट म्हणतात) दीडने भागली जातात आणि बर्कलीला 3.33 होऊन पोचतात. हे नुसतं एककांतर; यात काही हरवत नाही.

हरवतं ते वेगळ्याच ठिकाणी. विद्यापीठ क्रेडिट स्वीकारतं, पण ते ऐच्छिक विषयांच्या खात्यात टाकतं. पदवीच्या मुख्य विषयाला त्याचा उपयोग नाही, मग तोच अभ्यास पुन्हा, फी पुन्हा. देशभरात 2004 ते 2009 दरम्यान कॉलेज बदललेल्या विद्यार्थ्यांची अंदाजे 43 टक्के क्रेडिट्स वाया गेली, असं अमेरिकी सरकारच्या लेखापरीक्षण संस्थेने 2017 मध्ये सांगितलं. यातलं प्रत्येक क्रेडिट म्हणजे कुणीतरी नोकरी सांभाळून, रात्री जागून केलेला अभ्यास असू शकतो. आपल्याकडे भारतातही 2021च्या नियमांनी ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स आली. क्रेडिट खात्यात साठवण्याची सोय झाली. पण समकक्षता ठरवण्याचं चिकाटीचं काम आपण कॅलिफोर्नियाकडून शिकावं, असं मला मनापासून वाटतं.

तिथे क्रेडिट्सची ही गळती रोखायला 2010 मध्ये कायदा झाला. ठरावीक अभ्यासक्रमाची 60 युनिट पुरी करून ट्रान्सफरसाठीची खास पदवी घेतली, की कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीत जागेची हमी. कॅम्पस मात्र मनासारखाच मिळेल असं नाही. त्याच शाखेत गेलं, तर उरलेली पदवी आणखी 60 युनिटांत पूर्ण व्हायला हवी. मग 2021च्या कायद्याने विषयांच्या क्रमांकांना हात घातला. इंग्रजी लेखनाचा पहिला विषय डी अँझात ‘ईडब्ल्यूआरटी 1ए’, तर लॉस एंजेलिसच्या कॉलेजांत ‘इंग्लिश 101’ होता. 2025च्या शरदापासून राज्यातल्या कम्युनिटी कॉलेजांनी त्याला एकच क्रमांक द्यायला सुरुवात केली: ‘सी1000’.