थर, बक्षीस आणि दायित्व

गोकुळाष्टमीच्या दुसऱ्या दिवशी मुंबई-ठाण्याच्या रस्त्यांवर मानवी मनोरे उभे राहतात आणि त्याच संध्याकाळी रुग्णालयांच्या अपघात विभागांत जखमी गोविंदांची रीघ लागते. वर्तमानपत्रांत जखमींचा आकडा छापून येतो, दोन दिवस हळहळ व्यक्त होते आणि पुढील श्रावणापर्यंत विषय मिटतो. या गदारोळात एक साधा प्रश्न क्वचितच विचारला जातो : वरच्या थरावरून कोसळलेल्या विशीतल्या तरुणाच्या पाठीचा कणा मोडला, तर त्याच्या पुढील चाळीस वर्षांचा भार कोणी वाहायचा?

दहीहंडी हा मूळचा आळीचा आणि चाळीचा खेळ. हंडी बांधणारे, ती फोडणारे आणि गॅलरीतून घागरी रिकाम्या करणारे एकमेकांचे शेजारी असत. आज तिचे स्वरूप पालटले आहे. लाखांची बक्षिसे, चौकाचौकांतील भव्य फलक आणि थेट प्रक्षेपण यांनी तिला स्पर्धेचे रूप दिले. २०१२ साली ठाण्यात ४३.७९ फूट उंचीचा नऊ थरांचा मनोरा रचला गेला आणि त्याची गिनेसच्या विक्रमांत नोंद झाली. हे कौशल्य वादातीत आहे. परंतु एवढ्या उंचीवरून डांबरी रस्त्यावर पडणाऱ्या देहाला पराक्रमाची ढाल लाभत नाही.

कायद्याने या प्रश्नाला हात घातला, पण तो अर्ध्यावर सोडला. २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयाने हंडीची उंची २० फुटांपर्यंत मर्यादित केली आणि १८ वर्षांखालील मुलांच्या सहभागास मनाई केली. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशास स्थगिती दिली. २०१६ साली त्याच मर्यादा पुन्हा लागू केल्या. २०१७ साली प्रकरण उच्च न्यायालयाकडे परत आले, तेव्हा उंचीवरील निर्बंध हा न्यायालयाचा विषय नव्हे असे ठरले आणि १४ वर्षांखालील मुलांना सहभागी होऊ दिले जाणार नाही, ही शासनाची हमी स्वीकारली गेली. एवढ्या वादविवादात उंची आणि वय यांची चर्चा झाली. दायित्वाची मात्र झाली नाही.

आयोजकांचा नेहमीचा युक्तिवाद असा की, गोविंदा स्वखुशीने चढतो. संमतीचे हे तत्त्व कायद्याला मान्य आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेतील ८७ व्या कलमाने ते नोंदविले होते आणि उदाहरणही खेळाचेच दिले होते : दोघांनी करमणुकीसाठी तलवारबाजी खेळण्याचे ठरविले आणि नियमानुसार खेळताना एकास इजा झाली, तर तो गुन्हा नव्हे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत हीच तरतूद २५ व्या कलमात आहे. परंतु तिच्या दोन अटी सोयीस्करपणे विसरल्या जातात. संमती देणारा १८ वर्षांवरील असला पाहिजे आणि ते कृत्य मृत्यू किंवा जबर दुखापत घडण्याचा संभव असलेले आहे, याची करणाऱ्यास जाणीव असता कामा नये. म्हणजे १४ वर्षांच्या मुलाला थरावर चढण्याची मुभा असली, तरी त्याची संमती या कलमाखाली कोणाचाही बचाव करू शकत नाही. शिवाय खेळाडू स्वीकारतो तो खेळाचा अंगभूत धोका. आयोजकाचा निष्काळजीपणा नव्हे. फलंदाज वेगवान चेंडूचा धोका पत्करतो, मंडप कोसळण्याचा नव्हे.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने येथे लाभ आणि धोका यांची पूर्ण फारकत झाली आहे. प्रसिद्धी आयोजकाला मिळते, जाहिरात पुरस्कर्त्याची होते, गर्दीचा फायदा नेत्याला होतो. मोडलेले हाड मात्र गोविंदाच्या वाट्याला येते. जो धोका निर्माण करतो त्याला त्याची किंमत मोजावी लागत नसेल, तर तो धोका वाढवतच नेणार. एक थर वाढविल्याने बक्षीस वाढते, गर्दी वाढते. आयोजकाचा खर्च मात्र तेवढ्या प्रमाणात वाढत नाही.

शासनाने २०२२ साली दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा देण्याची घोषणा केली आणि गोविंदाचा मृत्यू झाल्यास दहा लाख रुपयांचे साहाय्य जाहीर केले. २०२३ साली ५० हजार गोविंदांचा माणशी ७५ रुपये हप्ता सरकारी तिजोरीतून भरण्यात आला. हेतू चांगला आहे. परंतु हप्ता करदात्याने भरायचा आणि थरांची संख्या आयोजकाने ठरवायची, ही व्यवस्था धोका कमी करणारी नाही. हंडी जितकी उंच, तितका हप्ता जड आणि तो बांधणाऱ्यानेच भरायचा, असे झाले तर आज न्यायालयाला जमले नाही ते विम्याचा हिशेब करून दाखवील.

हे तत्त्व नवे नाही. कारखान्यातील कामगारालाही यंत्राचा धोका माहीत असतो. त्याने तो मजुरीबरोबरच पत्करला, असे मालक एके काळी म्हणत. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने कामावरील अपघाताचा भार मालकावर टाकला. गिरणीच्या खात्यात जे शंभर वर्षांपूर्वी मान्य झाले, ते चौकातील मंचासमोर अमान्य का व्हावे?

परवाना देणाऱ्या यंत्रणेचे काय, हाही प्रश्न उरतोच. १९९७ साली दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहातील आगीत ५९ प्रेक्षक मृत्युमुखी पडले. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने नुकसानभरपाईचा ८५ टक्के भार चित्रपटगृहाच्या परवानाधारकावर आणि १५ टक्के भार वीज मंडळावर टाकला. महानगरपालिका आणि परवाना देणारे पोलीस अधिकारी मात्र त्यातून सुटले. करमणुकीचे स्थळ चालविणारा जबाबदार असतो, हा त्या निकालाचा आशय आश्वासक आहे. परवान्यावर सही करणारा सहज सुटतो, हा त्याचा दुसरा आशय तितकाच चिंताजनक आहे.

निर्बंधांनी परंपरा मरेल, ही भीती अनाठायी आहे. स्पेनमधील कॅटलोनियातही मानवी मनोऱ्यांची जुनी परंपरा आहे. २०१० साली युनेस्कोने तिचा मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला. २००६ साली तेथे मनोऱ्यावरून पडून एका मुलीचा मृत्यू झाला आणि त्यानंतर वर चढणाऱ्या मुलांसाठी शिरस्त्राणाचा वापर रूढ झाला. मनोरे थांबले नाहीत; मुले सुरक्षित झाली एवढेच.

आळीतील चार थरांच्या हंडीवर लाखांच्या स्पर्धेचे नियम लादावेत, असे कोणी म्हणणार नाही. दायित्व बक्षिसाच्या आणि उंचीच्या प्रमाणात असावे. ठरावीक रकमेवरील बक्षीस जाहीर करणाऱ्याने तेवढीच रक्कम आधी अनामत ठेवावी. विमा, गाद्या, शिरस्त्राणे आणि रुग्णवाहिका यांचा पुरावा दिल्याशिवाय परवाना मिळू नये. आणि तो न तपासता देणारा अधिकारीही भरपाईस उत्तरदायी असावा. फलकावर ज्यांची छायाचित्रे झळकतात, त्यांची नावे दायित्वाच्या कागदावरही असलीच पाहिजेत. हंडी फुटल्यावर लोणी सर्वांनी वाटून खायचे, ही कृष्णकथेतील रीत आहे. मग पडणाऱ्याचे दुःख त्याच्या एकट्याच्या घरावर टाकणे कोणत्या परंपरेत बसते?