गल्लीचा हिशेब आणि माणसांचा

मे १९८४ मध्ये भिवंडी दंगलीत होरपळली. त्याच वर्षी बिल हिलियर आणि ज्युलियन हॅन्सन या लंडनच्या अभ्यासकांचा ‘द सोशल लॉजिक ऑफ स्पेस’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. या दोन घटनांचा परस्परांशी संबंध नाही. परंतु रस्ते, गल्ल्या आणि भिंती यांच्या रचनेवर माणसांचे भेटणे कितपत अवलंबून असते, हा त्या ग्रंथाचा प्रश्न भिवंडीला लागू पडतो, यात शंका नाही.

ग्रंथातील पद्धत तत्त्वतः सोपी आहे. एका रस्त्यावरून शहरातील इतर सर्व रस्त्यांवर जाण्यास किती वळणे घ्यावी लागतात, हे मोजावयाचे. वळणे जितकी कमी, तितका तो रस्ता शहराशी अधिक सांधलेला. आणि पायी वर्दळही बहुधा अशाच रस्त्यांवर अधिक असते, असे अनेक शहरांच्या पाहणीत आढळले आहे. हजारो गल्ल्यांचा हा हिशेब हाताने होणे कठीण. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात तयार झालेली ‘डेप्थमॅप’ ही संगणकीय आज्ञावली तो सहज करते, आणि आज ती विनामूल्य मिळते.

२०११ च्या जनगणनेनुसार सात लाखांवर वस्ती असलेल्या या यंत्रमागांच्या शहरात अनेक कामगारांचे घर आणि कारखाना शेजारी-शेजारी असतात. खोली अपुरी पडते, म्हणून गल्ली हेच त्यांचे अंगण होते. २१ सप्टेंबर २०२० रोजी पटेल कंपाउंडमधील इमारत कोसळून तीसहून अधिक माणसे दगावली. धोकादायक इमारती पाडून नव्या बांधणे अपरिहार्यच आहे. मात्र हा विचार केवळ चटईक्षेत्राच्या गणितावर झाला, तर एखाद्या कुंपणामुळे दोन मोहल्ल्यांना जोडणारी वाट कायमची बुजेल आणि ते कोणाच्या लक्षातही येणार नाही. संगणकाचा नकाशा ही हानी आधीच दाखवू शकतो.

तथापि त्याची मर्यादाही ओळखली पाहिजे. १९८८ नंतर पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांच्या पुढाकाराने मोहल्ला समित्या स्थापन झाल्या. हिंदू आणि मुसलमान रहिवासी एकत्र बसू लागले. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली असता भिवंडी शांत राहिली, याचे मोठे श्रेय या समित्यांना दिले जाते. गल्ल्या बहुतांशी त्याच होत्या. बदलला होता तो माणसांचा परस्परव्यवहार. माणसे कोठे समोरासमोर येतील, हे नकाशा सांगेल. समोर आल्यावर ती बोलतील की तोंड फिरवतील, हे तो सांगणार नाही.

म्हणून पुनर्विकासाचा प्रत्येक आराखडा या कसोटीवर तपासावा आणि तो नकाशा त्या त्या मोहल्ल्यातील रहिवाशांपुढे ठेवावा. नाक्यांवरील सकाळ-संध्याकाळची वर्दळ मोजण्याचे काम महाविद्यालयीन विद्यार्थी करू शकतील. यास फारसा खर्च येणार नाही. बुजलेली वाट पुन्हा उघडणे मात्र फार महाग पडते.