जांभ्याखालचं बीदर

संपादकांची मागणी साधी होती. पर्यटन विशेषांकासाठी बीदर हवं होतं: काय पाहावं, कुठून सुरुवात करावी, लातूर-नांदेडकडच्या कुटुंबाला शनिवार-रविवारी काय काय जमेल. ते मी सांगतोच. उदगीर आणि भालकी मागे टाकत गाडी बीदरला येते, आणि 2017 पासून कलबुर्गीचाही लोहमार्ग सुरू झाल्याने बहमनींच्या दोन्ही राजधान्या आता एका फेरीत होतात. पण बीदरमध्ये माझं मन ज्या गोष्टीने धरून ठेवलं, ती फिरायला येणाऱ्यांच्या यादीत बहुधा शेवटी असते, नाहीतर नसतेच. ती गोष्ट म्हणजे नौबादची सुरंग बावी. जमिनीखालून जाणाऱ्या पाण्याच्या भुयारी वाटेचं हे नाव.

इतिहास भराभर सांगून टाकतो. 1347 मध्ये बहमनी राज्य स्थापन झालं आणि गुलबर्गा, म्हणजे आजचं कलबुर्गी, ही त्याची राजधानी झाली. तिथल्या किल्ल्यातली 1367 ची जामा मशीद चुकवू नका. मशिदीला एरवी असतं तसं उघडं अंगण तिला नाही, ती सगळीच घुमटांनी झाकलेली आहे. आत शिरल्यावर कमानींच्या रांगांमागे रांगा लागतात आणि ऊन कडेकडेने आत येतं. ख्वाजा बंदेनवाजांचा दर्गा, हफ्त गुंबज आणि शरणबसवेश्वरांचं मंदिरही याच शहरात. पंधराव्या शतकात अहमदशहा वलीने राजधानी बीदरला हलवली. पुढे राज्य फुटलं, बीदर बरीदशाहीकडे गेलं, मग आदिलशाही, औरंगजेब आणि निजाम असे धनी बदलत गेले.

बीदरमध्ये किल्ला पाहावाच. रंगीन महालाला बहुतेकदा कुलूप असतं, पण तिथल्या कर्मचाऱ्यांना विनंती करून तो उघडून घ्याच. काळ्या दगडात शिंपल्याचे तुकडे बसवून केलेली नक्षी तिथे अजून चमकते. सोळा खांब मशिदीतही जरा थांबावं. मग महमूद गावानचा मदरसा. इराणच्या गीलानमधून आलेल्या या वजिराने तो 1472 मध्ये उभारला. रंगीत फरशांनी मढवलेली ही तीन मजली शाळा. सतराव्या शतकाच्या अखेरीस इथे बारुदाचा स्फोट झाला आणि इमारतीचा मोठा भाग उडाला. एक मनोरा आणि त्यावरच्या निळ्या-पिवळ्या फरशांचे पट्टे मात्र टिकून आहेत. ज्याने ती बांधली त्या गावानला त्याच्याच सुलतानाने 1481 मध्ये ठार मारलं. बहमनी राज्याची घसरगुंडी तिथून सुरू झाली.

बहमनी सुलतानांच्या कबरी असलेल्या अष्टूरला संध्याकाळी जावं. बहमनी सुलतान हुमायूनच्या कबरीवरचा घुमट 1882 मध्ये वीज पडून उभा चिरला, त्यामुळे बांधकाम आतून कसं आहे ते कापून दाखवल्यासारखं दिसतं. अहमदशहा वलीच्या कबरीत छतापर्यंत रंगकाम आहे. त्याचा उरूस चांद्र हिंदू पंचांगानुसार होळीनंतर भरतो आणि कलबुर्गी जिल्ह्यातल्या माडियाळचे लिंगायत जंगम तो चालवतात. या सुलतानाला लिंगायत संत अल्लमप्रभूंचा अवतार मानणारे भाविक तिथे शंख फुंकतात, शेजारी फातिहा चालतो. सीमाभागाची ही जुनी रीत पाहायची असेल तर त्याच दिवसांत जा.

आता पाण्याकडे येतो.

बीदर वसलंय ते जांभ्याच्या पठारावर. कोकणातला माणूस हा तांबडा, छिद्राछिद्रांचा दगड लगेच ओळखेल. देशावर मात्र काळ्या कातळाच्या मुलखात मधेच तो भेटला की नवल वाटतं. जांभ्याखाली चिकण मातीचा थर आहे आणि त्याखाली काळा कातळ. पावसाचं पाणी जांभ्यातून गाळणीतून उतरावं तसं खाली जातं, चिकण थराला अडतं आणि आडवं सरकू लागतं. पठाराची कड जिथे तुटते तिथे ते बाहेर पडतं. नरसिंह झिऱ्याला गुहेतल्या छातीभर पाण्यातून चालत जाऊन देवाचं दर्शन घेतात, ते पाणी हेच. गुरुद्वारा नानक झिरा साहिबचा झराही याच जातीचा. गुरू नानकांच्या पायाने तो फुटला, अशी श्रद्धा आहे. नांदेडच्या हुजूर साहिबला आलेले कितीतरी शीख यात्रेकरू पुढे इथे येऊन त्याचं पाणी घरी नेतात. देव वेगळे, भक्त वेगळे, पण पाणी एकाच पठाराच्या पोटातलं.

किल्ल्याचा तिहेरी खंदक पाहताना बहुतेकांची नजर तटावर असते. मला वाटतं, नजर खाली न्यावी. खंदक बांधलेला नाही, जांभ्यातच खोदलेला आहे, आणि मधल्या दोन भिंती म्हणून मूळ खडकच तसाच राखलाय. जमिनीत असतो तोवर जांभा नरम असतो, कुदळीचं ऐकतो. उघडा पडला, ऊन-वारा लागला की तो कडक होत जातो. खंदक खोदणाऱ्यांना हा गुण पुरता ठाऊक होता. आणि ज्याला जांभ्यात खंदक खोदता येतो, त्याला भुयारही खोदता येतं.

हुमनाबादच्या वाटेवरच्या नौबादला गेलात की शेतात, प्लॉटांच्या मध्ये, रस्त्याच्या कडेला विहिरीसारखी उभी तोंडं दिसतात. एकेक पाहिलं तर ती सुटी वाटतात. पण एकावर उभं राहून पुढचं शोधा, मग त्याच्या पुढचं. एक रेघ तयार होते. ती रेघ जमिनीखालच्या भुयाराची. इराणात हजारो वर्षं चालत आलेल्या या रचनेला तिकडे कनात किंवा करेज म्हणतात. वरच्या बाजूला एक मूळ विहीर असते. भूजल जिथे हमखास लागतं, तिथे ती खोदतात. तिथपासून खालपर्यंत जमिनीच्या उतारापेक्षा कमी उताराचं भुयार असतं. जमीन लवकर खाली जाते, भुयार हळूहळू, त्यामुळे शेवटी दोघांची गाठ पडते आणि पाणी आपल्या पायांनी उजेडात येतं. मोट नाही, रहाट नाही, बैल नाही.

सगळं कसब त्या उतारात आहे. उतार जास्त झाला तर पाणी धावतं आणि भुयाराचा तळ खातं. कमी झाला तर गाळ बसतो आणि वाट बुजते. इराणचे मुकन्नी, म्हणजे कनात खोदणारे कारागीर, खालच्या तोंडापासून वर खोदत जात, म्हणजे लागेल ते पाणी मागच्या मागे वाहून जाई आणि माणूस बुडत नसे. मागे ठेवलेल्या दिव्यांच्या रेषेत पुढची दिशा धरायची, आणि दिवा मंदावला की हवा कमी झाली असं समजायचं. म्हणून ती उभी तोंडं. खोदताना माती त्यांतूनच वर काढली, हवा त्यांतूनच आत गेली, आणि पुढे दर पिढीला गाळ उपसायला माणसं त्यांतूनच उतरली. नौबादचं भुयार दोन किलोमीटरांहून लांब आहे आणि त्यावर वीसपेक्षा जास्त तोंडं. बीदरमध्ये शुक्लतीर्थ आणि जमना मोरी अशा आणखी दोन भुयारी योजना आहेत. जमना मोरीचे फाटे जुन्या शहराच्या पोटातून फिरतात.

अहमदशहाने इराणातल्या किरमानच्या सूफी संत शाह नियामतुल्लांच्या घराण्याला बीदरला बोलावलं. त्यांच्या मुलाची, खलीलुल्लांची, चौखंडी, म्हणजे कबरीची इमारत, अष्टूरच्या वाटेवरच लागते. किरमान हा कनातींचा मुलूख. तिथली माणसं इथे आली, आणि बीदरच्या जांभ्याने त्या विद्येला साथ दिली. मराठी वाचकाला हे परकं वाटायला नको. औरंगाबादची मलिक अंबरची नहर आणि बुऱ्हाणपूरचं कुंडी भंडारा ही याच कुळातली, बीदरनंतरची कामं.

तोंडाशी वाकलं की पहिल्यांदा गार हवा चेहऱ्याला लागते. मग डोळे सरावतात आणि जांभ्यावरचे तिरपे घाव दिसू लागतात, एकाखाली एक, हाताच्या एका फटक्याएवढे. त्या हातांचं नाव कुठल्याही शिलालेखात नाही. गावानचं आहे, सुलतानांचं आहे. मला मात्र बीदरमध्ये सगळ्यात जास्त आदर या घावांबद्दल वाटला.

पुढे अनेक पिढ्या गाळ उपसायला कुणी उतरलं नाही. केरळमधले भूगोलाचे अध्यापक व्ही. गोविंदनकुट्टी यांनी गेल्या दशकात नौबादची ही रेघ शोधून नकाशावर आणली. तत्कालीन जिल्हाधिकारी अनुराग तिवारी यांच्या काळात साफसफाई झाली, तोंडं मोकळी केली, माती बाहेर आली आणि खाली पाणी दिसलं. त्याच सुमारास, 2016 च्या एप्रिलात, मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी नेलं जात होतं. लातूर आणि बीदर दोन्ही जिल्हे मांजरेच्या खोऱ्यातले. पाचशे वर्षांपूर्वीचं भुयार पाणी दाखवतं आणि शेजारच्या शहराला टाकीची गाडी लागते, हे एकत्र आठवलं की अस्वस्थ व्हायला होतं.

गाळ काढणं सोपं होतं असं नाही, पण खरी अडचण वेगळी आहे. किल्ल्याला तट आहे, मदरशाला कुंपण आहे. दोन किलोमीटर लांब भुयाराला कुंपण कसं घालणार? त्याचं एक तोंड शेतात, दुसरं मोकळ्या प्लॉटात, तिसरं घराच्या भिंतीला लागून. एका शेताच्या बांधावर मी आजींना विचारलं, तोंडावर फरशी का टाकली? त्या म्हणाल्या, “लेकरं वाकून बघत्यात, ढोरं पडत्यात. झाकू नको तर काय करू, बाबा?” त्यांचं चुकतंय असं मला म्हणवत नाही. उघड्या तोंडाला मजबूत जाळी आणि भोवती कठडा मिळाला असता तर फरशीची गरजच पडली नसती. काही तोंडांत कचरा पडतो. जिथे वस्ती वाढली तिथे शोषखड्ड्यांचं पाणीही त्याच छिद्रांच्या दगडातून खाली जातं. पावसाला जी वाट, तीच सांडपाण्याला.

त्याहून मोठी भीती बोअरची. करेज जमिनीखालच्या पाण्याचा फक्त वरचा पाझर घेतं. पाण्याची पातळी भुयाराच्या खाली गेली की भुयार कोरडं. बोअर कातळात शेकडो फूट जातो आणि पातळीच खाली ओढतो. भुयार कितीही स्वच्छ केलं, तरी आसपास बोअर वाढत राहिले तर त्यात पाणी येणार नाही. शिवाय पठारावर जितकं सिमेंट आणि डांबर पसरेल तितका पाऊस वरच्या वर गटारात जाईल. भुयार वाचवायचं तर भुयाराबाहेरची, वरच्या अंगाची जमीन मोकळी ठेवावी लागते, आणि शहराच्या कडेची मोकळी जमीन म्हणजे पैसा.

बीदर आणि गुलबर्ग्याची स्मारकं 2014 पासून जागतिक वारशाच्या प्रस्तावित यादीत आहेत. उद्या मानांकन मिळालं, गर्दी वाढली, तर हॉटेलं येतील, आणि त्यांना लागणारं पाणी बहुधा बोअरचंच असेल. म्हणून मानांकनाच्या आधी दोन कामं व्हावीत. नौबादच्या रेघेवरचं प्रत्येक तोंड शहराच्या लेआउटच्या नकाशात खुणेसह यावं आणि त्या खुणेभोवती बांधकामाची परवानगी मिळू नये. आणि मूळ विहिरीच्या वरच्या अंगाला नवा बोअर मारण्यावर बंदी यावी. बीदरला जाल तेव्हा किल्ल्याच्या आधी नौबादला जा, स्थानिक माणूस सोबत घ्या, भुयारात उतरू नका, आणि झाकलेलं तोंड दिसलं तर त्या जागेचा फोटो आणि पत्ता जिल्हाधिकारी कार्यालयात द्या.