ताज शुक्रवारी बंद

सकाळी ६.३०
एमआयडीसीच्या बस भरभरून निघायला लागल्या की माझा फोनही वाजू लागतो. तळोजा फेज वनमध्ये घरी बसून मी सहलींचे आराखडे करून देते. तिकिटं विकत नाही. परवाना नसताना तो धंदा करणं रेल्वे कायद्याच्या कलम १४३ खाली गुन्हा आहे. ज्याचं तिकीट त्याने आपल्या खात्यावरून काढायचं. कोणती गाडी, कोणता वार, कुठे उतरायचं, एवढं मी सांगते.

सकाळी ७.४०
शेजारच्या इमारतीतल्या वहिनी फोन आणि चार्जर घेऊन हजर. दादा पहिल्या पाळीला गेलेत. सहल आग्रा-दिल्लीची, माणसं सहा: दोघं नवरा-बायको, दोन मुलं, सासू-सासरे. एका तिकिटावर सहा नावं बसतात, तरी आम्ही दोन तिकिटं काढतो. खालच्या बर्थचा ज्येष्ठांचा कोटा तिकिटावर एक किंवा दोनच प्रवासी असतील तर लागू होतो, म्हणून म्हाताऱ्यांचं वेगळं. त्यांना भाड्यात सवलत नाही, ती मार्च २०२० पासून बंद आहे. मुलगी सात वर्षांची; तिला स्वतंत्र बर्थ हवा तर पूर्ण भाडं. तो घ्यायचाच, रात्रभराचा प्रवास आहे.

सकाळी ८.००
आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. नोव्हेंबर २०२४ पर्यंत १२० दिवस मिळायचे. पण दिवस गाडी जिथून सुटते तिथले मोजतात. मंगला एक्स्प्रेस एर्नाकुलमहून निघून दुसऱ्या दिवशी पनवेलला येते, त्यामुळे आपली बारी एक दिवस आधीच लागते. हे माहीत नसलेला माणूस वेटिंगवर जातो. वहिनींच्या खात्याला आधार जोडलेलं आहे, प्रवाशांची नावं आधीच भरून ठेवली आहेत. कॅप्चा, ओटीपी, पैसे. ‘झालं ओ ताई, सगळे कन्फर्म!’ मग चहा.

सकाळी १०.३०
नवीन गिऱ्हाईक. प्लँटमध्ये ऑपरेटर आहेत, रात्रपाळी करून आलेत. वहीच्या पानावर यादी: दिल्ली, आग्रा, जयपूर, काशी, अमृतसर. रजा दहा दिवसांची. मी पेन्सिल घेऊन काशी आणि अमृतसर खोडते. त्यांचा चेहरा पडतो. काशी पूर्वेला, अमृतसर वायव्येला. दोन्ही धरली तर अर्धी रजा डब्यात जाणार. काशी वेगळी करा, आईला घेऊन, असं सांगितल्यावर मान हलते.
वर मी ग्वाल्हेर घालते. ते वाटेवरच आहे, मंगला तिथे थांबते. मानसिंगाचा महाल, शिंद्यांचा जयविलास, राणी लक्ष्मीबाईंची समाधी, सगळं एकाच गावात.

दुपारी १२.००
आता वारांचं गणित. ताजमहाल शुक्रवारी बंद, लाल किल्ला सोमवारी. म्हणून पनवेलहून सोमवारी निघायचं. मंगळवारी ग्वाल्हेर, बुधवारी संध्याकाळी आग्रा. गुरुवारी पहाटे ताज, दुपारी आग्र्याचा किल्ला. १६६६ साली शिवाजी महाराज औरंगजेबाच्या दरबारात उभे राहिले ते इथे. शुक्रवारी फत्तेपूर सिक्री, रात्री दिल्ली. शनिवार-रविवार लाल किल्ला, हुमायूनची कबर, कुतुबमिनार. सोमवारी सकाळी जयपूर. तिथल्या संयुक्त तिकिटावर हवामहल, जंतरमंतर आणि आमेर दोन दिवसांत होतात. मंगळवारी दुपारी मुंबई सुपरफास्ट, बुधवारी सकाळी बोरिवली.

दुपारी ३.३०
पाळी सुटते. सकाळच्या वहिनींचे दादा थेट कंपनीच्या गणवेशात येतात. त्यांना आकडे हवेत. ताजचं तिकीट भारतीयांना ५० रुपये, मुख्य कबरीपर्यंत जायचं तर आणखी २००. म्हणजे चार मोठ्यांचे हजार. पंधरा वर्षांखालच्या मुलांना पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंमध्ये तिकीट नाही, पण वयाचा पुरावा जवळ ठेवा. दिल्लीत दिवसभराची गाडी ठरवू नका. लाल किल्ला आणि कुतुबमिनार दोन्हीकडे मेट्रो जाते. ‘पेंधरहून बेलापूरला जाता तसंच,’ म्हटल्यावर त्यांची धास्ती जाते.

संध्याकाळी ५.००
खोल्या. स्टेशनवरच्या विश्रांतिगृहाला कन्फर्म किंवा आरएसी तिकिटाचा पीएनआर लागतो, म्हणून हे काम तिकिटानंतरच. न मिळालं तर धर्मशाळांना फोन. मी तीनच प्रश्न विचारते: गरम पाणी किती वाजेपर्यंत, लिफ्ट आहे का, रात्री गेट कधी बंद होतं. भाडं त्यानंतर. स्टेशनपासून लांबची स्वस्त खोली रिक्षात महाग पडते.

रात्री ९.००
दोन्ही आराखडे व्हॉट्सॲपवर पाठवते. वर ठळक अक्षरात: पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक बदलतं, पनवेलची वेळ निघण्याआधी पुन्हा पाहा. खाली माझी फी.
लोक विचारतात, स्वस्तात फिरायची युक्ती काय? युक्ती नाही. यादीतली दोन गावं खोडा, वार बघा, मगच पैसे मोजा. देश मोठा आहे. उरलेली गावं पुढच्या रजेला.