बांधीतला चेंडू आणि प्रबोधिनीची वाट

धानाची कापणी आटोपली की आपल्या भंडारा जिल्ह्यातील बांध्यांतून मुलांचे खेळ रंगतात. पण चेंडू खेळून कोणाची उपजीविका चालेल, ही कल्पना आपल्या घरांत अद्याप रुजलेली नाही. अनिकेत जाधवची वाटचाल त्यासाठी पाहावी. कोल्हापुरात, म्हणजे तालमींचे फुटबॉल संघ आणि शाहू स्टेडियमवर लोटणारी गर्दी यांच्या गावी तो वाढला, हे त्याचे भाग्य खरेच. परंतु लहान वयात घर सोडून तो पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत राहिला नसता, तर ते भाग्य पेठेतच विरले असते. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात तो भारताकडून खेळला. (संघ तिन्ही सामने हरला, हेही नमूद केले पाहिजे.) २०१९ मध्ये तो इंग्लंडच्या ब्लॅकबर्न रोव्हर्सकडे सरावासाठी गेला, आणि २०२२ मध्ये इंडियन सुपर लीग जिंकणाऱ्या हैदराबादच्या संघात स्पेनच्या मानोलो मार्केस यांच्या हाताखाली होता. प्रबोधिनीतील निवास, आहार व प्रशिक्षण यांचा भार शासन उचलते. तेव्हा तिच्या निवड चाचणीची सूचना तुमसर-लाखांदूरकडील शाळांच्या फलकावर मुदतीपूर्वी लागते काय, एवढे मुख्याध्यापकांनी यंदा तरी पाहावे.