बोलता येत नाही म्हणून दुखत नाही?

मुक्याला वेदना नसते, हा सोयीचा सिद्धांत फक्त मनूच्या वारसांनीच जपला असे नाही. आधुनिक वैद्यकशास्त्रही या पापात बराच काळ सामील होते. १९८० च्या दशकापर्यंत अमेरिका-इंग्लंडात कमी दिवसांच्या बाळांवर शस्त्रक्रिया होत, त्या कित्येकदा पुरेशी भूल न देता. हालचाल थांबवणारे औषध तेवढे टोचले जाई. बाळ हलत नाही, म्हणजे त्याला दुखत नाही! त्याची मज्जासंस्था कच्ची आहे, असे समर्थन वर तयारच असे.

हे समर्थन आम्हाला ओळखीचे वाटते. १८४० च्या दशकात अमेरिकेतील अलाबामात मॅरियन सिम्स या डॉक्टरने गुलाम काळ्या स्त्रियांवर भूल न देता पुन्हा पुन्हा शस्त्रक्रिया केल्या. काळ्यांना वेदना कमी होतात, अशी गोऱ्या डॉक्टरांची समजूत होती. न्यूयॉर्कमधला या सिम्सचा पुतळा हलवायला २०१८ साल उजाडावे लागले.

बाळांबद्दलच्या समजुतीला हादरा दिला तो डॉ. कन्वलजीत सिंग आनंद या भारतीय डॉक्टरने. १९८७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की शस्त्रक्रियेत वेदनाशामक मिळालेल्या बाळांच्या शरीरावर ताण कमी येतो आणि नंतरची गुंतागुंतही कमी होते. त्यानंतर शस्त्रक्रियेची पद्धत बदलली. रोजच्या उपचारांचे काय?

व्हेंटिलेटरवरच्या बाळाच्या श्वासनळीत नळी असते. त्याला नीट खोकता येत नाही, स्राव साचतो. तो ओढून काढण्यासाठी आत आणखी एक बारीक नळी घालतात, हेच सक्शन. ते टाळता येत नाही, नाहीतर नळी तुंबेल. पण त्या काही क्षणांत रक्तातला प्राणवायू उतरतो, हृदयाचे ठोके बिघडतात. बाळ रडते, पण नळी स्वरयंत्रातून गेलेली असल्याने आवाज फुटत नाही. कपाळावरची आठी आणि घट्ट मिटलेले डोळे, एवढीच त्याची तक्रार. ती वाचण्यासाठी गुण देण्याच्या मोजपट्ट्या आहेत, वाचणारा हवा. २००८ साली पॅरिस परिसरातल्या ४३० नवजातांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातले सुमारे ७९ टक्के वेदनादायक उपचार वेदनाशमनाच्या कोणत्याही खास उपायाविना झाले होते. आणि हे पॅरिसमध्ये!

उपाय महागडे नाहीत. सक्शन घड्याळ पाहून नको, गरज पाहून करावे. नळी गरजेपेक्षा खोल घालू नये. एकाने सक्शन करताना दुसऱ्याने बाळाचे हातपाय हळुवार जवळ घेऊन धरावेत. हा दुसरा हात आईचा का नसावा? आपल्या सरकारी रुग्णालयांत एकेका परिचारिकेकडे किती बाळे असतात, ते वाचकांनी पाहिलेच आहे. तिला दोष देऊन आम्ही मोकळे होणार नाही. पण आमच्या वस्त्यांतली, तांड्यांतली बाळंतीण दाराबाहेर फरशीवर का बसते? आई-वडिलांना आत घेऊन बाळाच्या शुश्रूषेत सामील करा, अशा केंद्राच्या मार्गदर्शक सूचना २०१७ पासून आहेत. भारतासह पाच देशांतल्या, २०२१ च्या अभ्यासात जन्मल्यापासूनच आईच्या छातीशी ठेवलेल्या कमी वजनाच्या बाळांचे मृत्यू सुमारे एक चतुर्थांशाने घटले. त्यासाठी आईला अतिदक्षता कक्षातच जागा दिली होती.

आमचे कार्यकर्ते जिल्हा शल्यचिकित्सकांना निवेदने देतात. खाटा, औषधे, रुग्णवाहिका ही कलमे त्यात ठरलेली. पुढच्या निवेदनात आणखी दोन घाला: नवजात कक्षात वेदनेची नोंद कोणत्या तक्त्यावर होते तो दाखवा, आणि बाळाचे सक्शन होताना आईला आत येऊ द्या.