‘घरी न्या’ म्हटल्यावरही उपचार असतात

“आता घरी न्या, इथे करण्यासारखे काही राहिले नाही.” तोंडाचा कर्करोग पसरलेला असो, मूत्रपिंडे निकामी झालेली असोत, की लकव्याने वडील अंथरुणाला खिळलेले असोत, हे वाक्य आपल्या वस्त्यांतल्या पुष्कळ घरांनी ऐकले आहे. डॉक्टरांना म्हणायचे असते की आजार बरा होणार नाही. घरचे समजतात की उपचारच संपले. मग रुग्ण पत्र्याच्या खोलीत रात्रभर कण्हतो, घरातल्या बाईचे कामावर खाडे होतात, आणि कोणी नातेवाईक एखाद्या बुवाचा पत्ता आणून देतो.

आजार बरा होत नसला तरी वेदना, धाप, उलट्या, जखमा, झोप न लागणे आणि मनाची घालमेल यांवर इलाज असतो. या इलाजालाच पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. मराठीत उपशामक सेवा असा शब्द आहे, पण दवाखान्यात ‘पॅलिएटिव्ह’ असेच विचारावे, लवकर कळते. ही सेवा शेवटच्या आठवड्यातच घ्यायची असे नाही. केमोथेरपी किंवा डायलिसिस चालू असतानाही ती बरोबरीने घेता येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात जितक्या लोकांना तिची गरज आहे, त्यांपैकी शंभरातल्या सुमारे १४ जणांनाच ती मिळते. उरलेल्यांत बहुतेक गरीबच असणार, हे वेगळे सांगायला नको.

सर्वांत मोठा प्रश्न वेदनेचा. साध्या गोळ्यांनी भागत नाही तेव्हा मॉर्फिन द्यावे लागते. ते अफूपासून बनते, म्हणून घरचे घाबरतात. काही डॉक्टरही लिहून द्यायला कचरतात. मध्य प्रदेशात मंदसौर-नीमचच्या शेतांत सरकारी परवान्याने अफू पिकते, आणि शेजारच्याच राज्यातल्या आपल्या रुग्णाला त्या औषधाची गोळी मिळत नाही, हा प्रकार आम्हाला संतापजनक वाटतो. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातल्या कडक अटींमुळे अनेक रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच सोडले होते. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती होऊन परवान्याची पद्धत सोपी झाली. आता मान्यताप्राप्त संस्थेला ते ठेवता येते आणि प्रशिक्षित डॉक्टर ते लिहून देऊ शकतात.

वेदनेसाठी, डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत घेतलेल्या मॉर्फिनचे सहसा व्यसन लागत नाही. त्याने मरण लवकर येते हीही गैरसमजूतच. साधी गोळी बहुधा दर चार तासांनी दिली जाते. कळ उठण्याची वाट पाहायची नाही, घड्याळ पाहून द्यायची. पहिले काही दिवस गुंगी आणि मळमळ होते, ती बहुधा ओसरते. बद्धकोष्ठता मात्र राहते, म्हणून पोट साफ होण्याचे औषध सोबत मागून घ्यावे. गोळी स्वतःच्या मनाने वाढवू नये किंवा एकदम बंद करू नये. दुसऱ्या कोणाला देऊ नये. मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवावी आणि उरल्यास दवाखान्यात परत करावी.

तोंडाच्या कर्करोगात जखमेला दुर्गंधी येते. मिश्री-तंबाखूमुळे हा आजार आपल्याकडे घरोघरी ओळखीचा आहे. वासामुळे नातवंडे जवळ येत नाहीत, जेवणाचे ताट लांबून सरकवले जाते. आयुष्यभर शिवाशिव सोसलेल्या समाजातल्या माणसावर शेवटी स्वतःच्याच घरात ही पाळी यावी, याहून वाईट काय? या वासावर औषध आहे. पॅलिएटिव्ह विभागातली नर्स मेट्रोनिडॅझोलची भुकटी जखमेवर कशी टाकायची आणि ड्रेसिंग कसे बदलायचे ते घरच्यांना शिकवते. दर दोन तासांनी कूस बदलून दिली तर पाठीला जखमा होणे पुष्कळसे टळते, हेही तिथेच शिकवतात.

मुंबईत परळच्या टाटा रुग्णालयात पॅलिएटिव्हचा स्वतंत्र विभाग आहे. वांद्र्याचे शांती अवेदना सदन १९८६ पासून कर्करोगाच्या अखेरच्या अवस्थेतल्या रुग्णांना धर्म न विचारता मोफत सांभाळते. पुण्यात वारज्याला सिप्लाचे केंद्र १९९७ पासून मोफत चालते. पण जालना, हिंगोली किंवा वाशीमच्या रुग्णाने तिथवर कसे जायचे? राष्ट्रीय पॅलिएटिव्ह केअर कार्यक्रम २०१२ मध्ये आला. आयुष्मान आरोग्य मंदिरांतून द्यायच्या बारा सेवांमध्येही ही सेवा आहे. कागदावर सोय आहे, तेव्हा आशाताईंकडे आणि जिल्हा रुग्णालयात ती नाव घेऊन मागितली पाहिजे. मागणीच आली नाही तर गरजच नाही असे लिहायला अधिकारी मोकळे होतात.

केरळमध्ये लोकांनी आधी सुरुवात केली. १९९३ मध्ये कोझिकोडच्या मेडिकल कॉलेजात काही डॉक्टरांनी वेदनाशमनाची संस्था काढली. पुढे मलप्पुरम भागात शेजारपाजारचे लोक तिच्यात उतरले. आठवड्याला निदान दोन तास देऊ शकेल अशा माणसाला प्रशिक्षण द्यायचे आणि त्याने आपल्याच भागातल्या रुग्णांकडे जायचे, अशी पद्धत बसली. खर्च बराचसा लहान देणग्यांतून निघे. २००८ मध्ये राज्य सरकारने धोरण केले आणि पंचायती घरभेटी देणाऱ्या नर्सचा खर्च उचलू लागल्या.

आपल्याकडे विहार आहे, महिला मंडळ आहे, जयंतीची वर्गणी काढण्याची सवय आहे. पोटाच्या विकाराने मलमूत्रात पडलेल्या भिक्खूला भगवंतांनी आनंदाच्या मदतीने स्वतः धुतले, आणि हा आमच्या उपयोगाचा नाही म्हणून त्याला सोडून देणाऱ्यांना जाब विचारला, ही कथा आपण वर्षावासात ऐकतो. बाबासाहेबांनीही ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात रुग्णांविषयीच्या बुद्धांच्या आस्थेला स्वतंत्र जागा दिली. विहारात एक हवेची गादी, एक व्हीलचेअर आणि एक कमोडची खुर्ची ठेवली, तर ती एका घरातून दुसऱ्या घरात फिरू शकते. दोन उपासिकांनी आठवड्यातून एक दुपार रुग्णाजवळ बसायचे ठरवले, तर त्याच्या सुनेला एक दिवस कामावर जाता येते.

पैशांचेही पाहावे. कर्करोग, पक्षाघात, एड्स अशा दुर्धर आजाराने कमावणे अशक्य झालेल्या, ६५ वर्षांखालील गरीब व्यक्तीला संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दरमहा १,५०० रुपये मिळू शकतात. त्यासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असल्याचा दाखला लागतो. अर्ज तहसील कार्यालयात होतो. पासष्टीनंतर श्रावणबाळ योजना आहे. कर्करोगाच्या रुग्णाला उपचारासाठीच्या रेल्वे प्रवासात सवलत असते, त्याचा फॉर्म रुग्णालय भरून देते. म्हणून ‘घरी न्या’ म्हटल्यावर निघण्यापूर्वी डिस्चार्ज कार्डावर आजाराचे नाव आणि अवस्था स्पष्ट लिहून घ्यावी, चालू औषधांची चिठ्ठी मागावी, आणि दुखणे वाढले तर रात्री कोणाला फोन करायचा तो नंबरही विचारून घ्यावा.